कुऱ्हाड थांबल्यावर

प्रस्तावना

जपानच्या होन्शू बेटावर, जपानच्या समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरांवर, जुलै संपत आला की एक विपरीत दृश्य दिसू लागते. रान गर्द हिरवे असते, पानगळीला अजून दोन-तीन महिने अवकाश असतो, आणि त्या हिरव्यात मधेच एखाद्या ओकचा सबंध माथा तांबूस-तपकिरी झालेला असतो. पाने गळत नाहीत. वाळून फांद्यांनाच चिकटून राहतात. काल-परवापर्यंत धडधाकट दिसणारे झाड एक-दोन आठवड्यांत मरते. जवळ जाऊन पाहिले तर खोडावर बारीक बारीक छिद्रे दिसतात आणि बुंध्याशी लाकडाच्या भुशाचा ढीग साचलेला असतो. जपानी लोक या मरीला ‘नारागारे’ म्हणतात. ती घडवून आणणारा भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा आहे, आणि त्याच्यासोबत येणारी बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. या पुस्तकाचा विषय हा भुंगेरा, ही बुरशी आणि त्यांच्या तडाख्यात सापडलेली ओकची राने हा आहे. पण वाचकाने पुढच्या पानांकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट मांडली पाहिजे, कारण तिच्यावाचून या साथीचा अर्थ लागत नाही. हा भुंगेरा जपानवर चालून आलेला परका शत्रू नाही. तो तिथलाच आहे. बदलले आहे ते रान, आणि ते बदलले माणसाने त्यात कुऱ्हाड चालवणे थांबवले म्हणून.

आधी त्या कीटकाची ओळख. शास्त्रीय नाव प्लॅटिपस क्वेर्सिव्होरस. जपानी वनकर्मचारी त्याला थोडक्यात ‘काशिनागा’ म्हणतात. तो लाकूड पोखरतो, पण लाकूड खात नाही. लाकडात तो शेती करतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुन्या झाडातून बाहेर पडलेला नर नवे झाड शोधतो, सालीतून आत बारीक छिद्र पाडतो आणि एक गंधद्रव्य हवेत सोडतो. क्वेर्सिव्हरॉल नावाचे हे द्रव्य आता ओळखले गेले आहे. त्या वासावर आणखी नर येतात, माद्या येतात, आणि थोड्याच दिवसांत एका खोडावर शेकडो छिद्रे पडतात. छिद्रापाशी आलेल्या मादीला नर वाट करून देतो. ती आत जाऊन बोगदा तपासते आणि मगच मीलन होते. त्यानंतर खोदकाम मुख्यतः तिचे, आणि भुसा बाहेर लोटण्याचे व दाराशी पहारा देण्याचे काम त्याचे. मादीच्या पाठीवर, डोक्यामागच्या कवचात, काही सूक्ष्म खळगे असतात. त्यांत ती बुरशीचे बीजाणू आणि यीस्ट आपल्या जन्मघरातून घेऊन आलेली असते. बोगद्याच्या भिंतींवर ते रुजतात, आणि अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्या भिंतींवरचे हे पीक खाऊन वाढतात. मोठ्या झालेल्या अळ्या स्वतःही बोगद्याला फाटे काढतात. एका जोडप्याची प्रजा शंभराच्या वर जाऊ शकते. माणूस पेरायला शिकला त्याच्या कोट्यवधी वर्षे आधी काही भुंगेरे बुरशीची अशी शेती करत होते, आणि हा कारखाना पाहून कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. साथीचा विचार करताना हे कौतुक बाजूला ठेवण्याची गरज नाही. ज्याला आपण कीड म्हणतो त्याचा संसार नीट समजला, तर तो केव्हा वाढतो आणि केव्हा आटोक्यात राहतो हेही समजते.

झाड मरते कसे, हे उलगडायला बराच काळ लागला. भुंगेऱ्यासोबत येणाऱ्या बुरश्यांपैकी एक, राफायेलिया क्वेर्सिव्होरा, बोगद्यातून बाजूच्या लाकडात शिरते. ओकच्या खोडात पाणी वर नेण्याचे काम बाहेरचा कोवळा थर करतो. बुरशी तिथे पसरू लागली की झाडाच्या जिवंत पेशी प्रतिकार करतात, भोवतालच्या वाहिन्या बंद करून तिची वाट अडवतात. एखाद-दुसऱ्या जखमेपुरता हा उपाय योग्यच असतो. पण छिद्रे शेकडो असतात, प्रत्येक छिद्राभोवती लाकडाचा एक तपकिरी पट्टा कोरडा पडतो, आणि हे पट्टे एकमेकांना भिडले की सबंध खोडातून वर जाणारे पाणी तुटते. भर उन्हाळ्यात, पानांना सर्वाधिक पाणी हवे असते तेव्हा, झाड तहानेने मरते. ही बुरशी संशयित म्हणून १९९०च्या दशकात पुढे आली. निरोगी ओकमध्ये ती टोचल्यावर तशीच मर दिसली. आणि २००२ साली तिला नवी जाती म्हणून शास्त्रीय नाव मिळाले. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. एखाद-दुसऱ्या छिद्रातून शिरलेली बुरशी झाडाला मारायला पुरत नाही, भुंगेरे थोडे असले तर तेही पुरत नाहीत. एकाच झाडावर एकाच हंगामात पुरेसे भुंगेरे उतरले तरच ते झाड जाते. थोडक्यात निभावलेल्या झाडांवर पुढच्या वर्षी भुंगेऱ्यांची वीण नीट होत नाही, असेही आढळले आहे. म्हणून या रोगात खरा प्रश्न संख्येचा आहे: इतके भुंगेरे एका वेळी एका रानात आले कोठून?

झाडांच्या साथींकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे, आणि ती चुकीची नाही. बहुतेक मोठ्या साथी परक्या जीवांनी आणलेल्या असतात. जपानमधलाच दाखला घ्यायचा तर तिथले पाइन वृक्ष ज्या सूत्रकृमीने मारले तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. १९७१ साली शास्त्रज्ञांनी त्याचा गुन्हा सिद्ध केला तोवर नुकसान कितीतरी दशकांचे झालेले होते. अमेरिकेत उलट घडले. आशियातला एक बारीक भुंगेरा २००२ साली जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना बंदराजवळ सापडला, आणि त्याने नेलेल्या बुरशीने आग्नेय अमेरिकेतले रेडबे वृक्ष कोट्यवधींनी मारले. तिथली झाडे त्या बुरशीला कधी भेटलेलीच नव्हती. ओकच्या मरीची बातमी वाचली की म्हणूनच पहिला प्रश्न मनात येतो तो ‘कुठून आली?’ असा. जपानच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर निराळे आहे. या भुंगेऱ्याचे वर्णन १९२५ सालीच झाले होते. दक्षिण क्यूशूमध्ये १९३०च्या दशकात त्याने झाडे मारल्याच्या नोंदी आहेत. देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या भुंगेऱ्यांत जनुकीय फरक दिसतात, आणि नुकत्याच आलेल्या मूठभर पाहुण्यांच्या वंशात असे फरक आढळत नाहीत. त्याहून बोलका पुरावा जुन्या कागदांत आहे. नागानो भागातल्या, १७५० सालच्या एका दस्तऐवजात ओक किडीने मोठ्या प्रमाणावर मेल्याची हकीकत संशोधकांना सापडली, आणि तिचे वर्णन आजच्या मरीशी जुळते. म्हणजे हा जीव तिथे होता, अधूनमधून डोके वर काढत होता, आणि काही वर्षांत ओसरत होता. १९८०च्या सुमारापासून मात्र तो ओसरेना. होन्शूच्या पश्चिम किनाऱ्यावरून तो उत्तरेकडे सरकत गेला; क्योटोच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर उतरला; २०१० साली एका वर्षात सव्वातीन लाख घनमीटर लाकडाएवढी झाडे गेली. मग आकडा खाली आला, आणि दहा वर्षांनी पुन्हा चढून दोन लाखांच्या घरात पोचला. या वेळी टोकियोच्या परिसरातल्या बागा आणि टेकड्याही सुटल्या नाहीत. २०२३ साली समुद्र ओलांडून होक्काइडोत झाडे मेल्याची पहिली नोंद झाली.

या बदलाचे कारण समजण्यासाठी जपानी खेड्यामागच्या टेकडीकडे पाहावे लागते. तिला ‘सातोयामा’ म्हणतात. भाताची खाचरे, घरे आणि त्यांच्या पाठीशी ओकचे रान, अशी ही रचना शेकडो वर्षे चालत आली. रानात मुख्यतः कोनारा आणि कुनुगी या जातींचे ओक. ते साधारण पंधरा ते तीस वर्षांनी तोडायचे, फांद्यांचे सरपण करायचे, खोडांचा कोळसा पाडायचा, पालापाचोळा शेताला खत म्हणून घालायचा. तोडलेल्या बुंध्याला पुढच्या वसंतात धुमारे फुटायचे आणि तेच रान पुन्हा उभे राहायचे. गाव दरवर्षी टेकडीचा एक तुकडा तोडत असे, त्यामुळे कुठे दोन वर्षांचे झुडूप, कुठे वीस वर्षांची झाडी, असा ठिगळांचा नकाशा तयार होई. झाड मांडीएवढे जाड होण्याआधीच बहुधा तोडले जाई. १९५०च्या दशकात जपान वर्षाला वीस लाख टनांच्या आसपास कोळसा पाडत होता. मग रॉकेल आले, गॅस आला, रासायनिक खत आले, आणि वीसेक वर्षांत या सगळ्या व्यवहाराची गरजच संपली. कोणी ठरवून रान सोडले नाही. सकाळचा स्वयंपाक गॅसवर होऊ लागला आणि टेकडीवर जाण्याचे कारण उरले नाही. रान उभे राहिले, जाड होत गेले, आणि पन्नास-साठ-सत्तर वर्षांचे झाले. काशिनागाला नेमके तेच हवे असते. दहा सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडांकडे तो सहसा फिरकत नाही, कारण तिथे बोगद्यांना जागा नाही आणि लाकूड लवकर सुकते. खोड जितके जाड, तितकी त्याची प्रजा अधिक. पूर्वी त्याला अशी खोडे तुरळक मिळत, साथ पेटली तरी पुढचे जाड झाड दूर असे, आणि मेलेली झाडे सरपणासाठी लोक लगेच उचलून नेत. आता सबंध डोंगरच त्याच्यासाठी तयार होता. म्हणून या साथीचे कारण विचारले तर बुरशीचे नाव सांगणे खरे असूनही अपुरे आहे. बुरशी आणि भुंगेरा १७५०मध्येही होते. अख्खा देशभर एकाच वयाचे, एकाच वेळी म्हातारे झालेले ओक तेव्हा नव्हते.

या मतावर सर्वांत वजनदार आक्षेप तापमानवाढीचा आहे. संशोधक कामाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेले म्हणणे असे: उन्हाळे तापल्यामुळे भुंगेरा उत्तरेकडे आणि डोंगरात वर सरकला, आणि तिथे त्याची गाठ मिझुनारा या ओकशी पडली. उबदार प्रदेशातले सदाहरित ओक भुंगेरा आणि बुरशी या जोडगोळीबरोबर दीर्घकाळ राहिले आहेत आणि बऱ्यापैकी तग धरतात; थंड डोंगरातल्या मिझुनाराला तशी सवय नाही, म्हणून तो सर्वाधिक मरतो. हे म्हणणे गंभीर आहे आणि त्याचा मोठा भाग मान्य केला पाहिजे. २०१०चा भयंकर आकडा त्या वेळेपर्यंतच्या सर्वांत तापलेल्या उन्हाळ्यातला आहे, हाही योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. तरी एक फरक उरतो. तापमान भुंगेरा कुठपर्यंत पोचेल हे सांगते. पोचल्यावर त्याला किती अन्न आणि किती घरे मिळतील हे रानाचे वय सांगते. क्योटोच्या आणि टोकियोच्या सखल टेकड्यांवर थंडीचा अडसर कधीच फारसा नव्हता. तिथे मेला तो मुख्यतः कोनारा, मिझुनाराहून अधिक चिवट ओक, आणि तोही कोळशाची तोड थांबून चार-पाच दशके उलटल्यावर, खोडे पुरेशी जाड झाल्यावर. नुसती ऊब हे वेळापत्रक समजावून सांगू शकत नाही. दोन्ही कारणे एकत्र काम करतात असे म्हणणे सोपे आहे आणि बरोबरही आहे. पण त्यांतले एक कारण गावाच्या आणि वनखात्याच्या हाताशी आहे, दुसरे नाही, आणि हाताशी असलेल्या कारणाबद्दल बोलणे अधिक निकडीचे आहे.

दुसरा आक्षेप असा की डोंगरमाथ्यावरचे जुने मिझुनारा कधी तोडले जातच नव्हते, मग ते का मेले? इथे माझ्या मताची मर्यादा आहे. आज नैसर्गिक दिसणारी मिझुनाराची बरीच राने खरे तर कोळशासाठी तोडून पुन्हा वाढलेली आहेत, पण सगळी नाहीत. खरोखर जुन्या रानातली थोर झाडेही गेली. त्यांच्यापुरते एवढेच म्हणता येते की जाड झाड भुंगेऱ्याला नेहमीच आवडत होते. खाली हजारो एकर सोडलेल्या रानात त्याची वीण वाढली तेव्हा वर पोचणारे थवे इतके मोठे झाले की माथ्यावरचे पुराणवृक्षही टिकले नाहीत. ज्यांना अस्पर्श रानाचे मोल वाटते त्यांनी खालच्या राबत्या रानाची काळजी अधिक करायला हवी, असा याचा अर्थ मी घेतो.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो अनेक निसर्गप्रेमी मनापासून मांडतात: जुनी झाडे मरतील, उजेड पडेल, नवी उगवतील, निसर्गाला आपल्या मार्गाने जाऊ द्या. झाडे मेल्यावर काय उगवते ते पाहिले की हा भरवसा डळमळतो. रोगाने मेलेल्या मिझुनाराला बुंध्यातून धुमारे फुटत नाहीत. कोनाराची धुमारे देण्याची ताकद वयाबरोबर घटते, त्यामुळे उशिरा तोडून जुने रान परत येईलच असे नाही. बियांतून उगवलेली ओकची रोपे हरणे खातात, आणि जपानमध्ये सिका हरणांची संख्या गेल्या काही दशकांत फार वाढली आहे. काही डोंगरांवर खुज्या बांबूचा गच्च थर रोपांना वर येऊ देत नाही. परिणामी ओकच्या जागी ओक येत नाही. कुठे सदाहरित झाडे येतात, कुठे निव्वळ झुडपे. मेलेल्या ओकच्या बुंध्याशी कायेनताके नावाची ज्वाळेसारखी लाल बुरशी उगवते. ती इतकी विषारी आहे की थोडी पोटात गेली तरी जीव जाऊ शकतो, आणि नारागारे झालेल्या भागांत ती अधिक दिसू लागल्यामुळे उद्यानांत तिला हात न लावण्याच्या सूचना लावाव्या लागल्या आहेत. अस्वले गावात येण्याचा दोषही वृत्तपत्रे बऱ्याचदा या मरीला देतात, कारण ओकची फळे त्यांचे मुख्य खाद्य आहेत. तिथे मात्र सावध राहिले पाहिजे. ओकला काही वर्षी भरघोस आणि काही वर्षी नगण्य फळे येतात, आणि अस्वलांचे येणे-जाणे मुख्यतः त्या चढउताराशी बांधलेले आहे. चांगल्या मताला कच्चा पुरावा जोडला की मतच कमकुवत होते.

मग तोडा, असे म्हणायचे का? हो, पण कसेही नाही. रान विरळ करण्याच्या नावाखाली झाडे पाडून ओंडके तिथेच टाकले तर त्यांच्या वासावर भुंगेरे जमतात आणि शेजारची उभी झाडेही मरतात. मेलेले झाड पुढच्या जूनआधी, म्हणजे आतली प्रजा बाहेर पडण्यापूर्वी, तोडून त्याचे तुकडे जाळावे लागतात, चुरावे लागतात किंवा झाकून धुरी द्यावी लागते. मोलाच्या झाडांची खोडे प्लास्टिकने गुंडाळतात, त्यांत बुरशीनाशक टोचतात, काही ठिकाणी ओंडक्यांचे ढीग आमिष म्हणून रचून त्यांत भुंगेरे पकडतात. हे उपाय एखादी बाग, एखादे मंदिर, एखादी टेकडी वाचवतात. डोंगररांग वाचवत नाहीत. रांग वाचायची तर जाड होत चाललेली राने साथ पोचण्याआधी तुकड्यातुकड्याने तोडून त्यांना नवे धुमारे येऊ दिले पाहिजेत, आणि तोडलेल्या लाकडाला गिऱ्हाईक हवे. सरपण, लाकडाचा चुरा, फर्निचर, शिताके अळंबीसाठीचे ओंडके असे मार्ग आहेत. ते किती नाजूक आहेत हे फुकुशिमाने दाखवले. अळंबीचे ओंडके पुरवणारा तो मोठा प्रदेश होता. २०११च्या अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सर्गी द्रव्य झाडांत शिरल्यामुळे तो व्यवहार कोसळला आणि वेळेवर तोडली जाणारी राने तिथेही वाढत राहिली. हे जपानपुरतेच नाही. शेजारी कोरियात २००४ साली जवळच्या नात्यातला भुंगेरा आणि जवळच्या नात्यातली बुरशी यांनी मंगोलियन ओक मारायला सुरुवात केली, आणि तिथेही तोड थांबलेली, जाड झालेली राने आहेत.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. सह्याद्रीत ओक नाहीत. तरी सांगोल्या-पंढरपूरच्या डाळिंब उत्पादकाला खोडातली बारीक छिद्रे, त्यांतून गळणारा भुसा आणि पाठोपाठ येणारी मर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तिथला भुंगेरा आणि तिथली बुरशी निराळी, पण झाडाची तहान तीच. आणि आपल्या मनात एक खरी अडचणही उभी राहील. आपण कुऱ्हाडबंदीच्या पुण्याईवर वाढलो आहोत. हिवरे बाजारने आणि राळेगण सिद्धीने कुऱ्हाड थांबवली, चराई थांबवली, आणि उघडी माळराने हिरवी झाली. ते काम बरोबर होते, आहे. उजाड डोंगराला विसावा हवा असतो. जपानचा दाखला त्याविरुद्ध वापरू नये. पण जे रान शतकानुशतके माणसाच्या हाताखाली घडले, ज्याचे वय आणि ज्याची जाडी माणसाने राखली, ते अचानक सोडून दिले तर ते मूळ अरण्य होत नाही. ते फक्त एकाच वेळी म्हातारे होते. कोकणात आणि मावळात राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्याची रीत मागे पडत चालली आहे. त्या झाडांचे पुढे काय होते, त्यांच्यावर कोण वाढते, हे पाहणारे डोळे आपल्याकडे फार थोडे आहेत. हे पुस्तक वाचताना जपानी आकडे आणि नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. आपल्या गावामागचे रान शेवटचे केव्हा तोडले गेले, आज त्याचे वय काय, आणि त्यात कोणाचा राबता उरला आहे, एवढे तीन प्रश्न वाचकाने जाणत्या माणसांना विचारावेत आणि मिळालेली उत्तरे लिहून ठेवावीत, एवढी विनंती आहे.